टेस्टमध्ये ३० पैकी ३०, तरी डोकं मागे पडतंय, हे मनाचे खेळ का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी फोंड्याची, वय ३६, सरकारी ऑफिसात यूडीसी (वरिष्ठ कारकून) आहे. काही वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याला एकदम अंधुक दिसायला लागलं, तेव्हा एमआरआय करून एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) निदान झालं. औषधं नियमित चालू आहेत, चालणं-फिरणं एकदम ठीक, बघून कोणाला पटणारही नाही. पण गेलं वर्षभर डोकं मागे पडतंय. काउंटरवर एक माणूस काहीतरी विचारत असतो, त्यातच शेजारची मॅडम फाईल नंबर सांगते, की माझं दोन्ही जातं. यंदा चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतो त्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणायला मार्केटात गेले, सासूबाईंनी तोंडी सांगितलेलं, नारळ सुपाऱ्या आणल्या पण कांगलां आणि कवंडळां ही रानफळं राहूनच गेली. त्या म्हणाल्या हल्ली तुझं लक्षच नसतं. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी आज तारीख काय, वार कुठला, शंभरातून सात वजा करत जा असं विचारलं, मला ३० पैकी ३० मिळाले, एमआरआयमध्ये पण नवीन काही नाही. आता मिस्टरही म्हणतात, बघ, तुला काही झालेलं नाही. मग हे सगळं माझ्या मनाचंच आहे का? आणि टेस्ट करायची तर कुठली?

उत्तर : नाही हो, मनाचं नाही. तुमचा त्रास पकडायला जी टेस्ट वापरली ती त्या कामाची नाहीच. ती एमएमएसई, १९७५ ची, डिमेन्शियासारखा ढोबळ बिघाड बघायला चांगली आहे. तारीख, ठिकाण, तीन शब्द, एक आकृती बघून काढायची, आणि मुख्य म्हणजे घड्याळ लावलेलं नसतं, तुम्ही सावकाश विचार करून उत्तर दिलं तरी मार्क पूर्ण. आणि एमएसमध्ये सगळ्यात जास्त मार बसतो तो वेगालाच. ऐकलं, समजलं, उत्तर दिलं या सगळ्याला लागणारा वेळ वाढतो. कोकण रेल्वेची गाडी कशी क्रॉसिंगला थांबत थांबत जाते, पोचते पण उशिरा, तसं. म्हणून एकट्या माणसाशी शांतपणे बोलताना तुमचं काही अडत नाही आणि दोघं एकदम बोलले की अडतं. त्याखालोखाल नवीन गोष्ट डोक्यात बसायला त्रास होतो (तुमची माटोळीची यादी), मग एकाच वेळी दोन-तीन कामं जुळवणं. भाषा, जुनं ज्ञान, एकूण हुशारी बहुतेक वेळा शाबूत राहते, त्यामुळेच तर समोरच्याला वाटतं ही नुसती आळस करतेय.

एमएस असलेल्या साधारण ४० ते ६५ टक्के लोकांना कमी-जास्त हा त्रास होतो. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९ व्या शतकातच लिहून ठेवलंय की या पेशंटची स्मरणशक्ती कमी होते, तरी पुढे कित्येक दशकं सगळं लक्ष पायांवर आणि डोळ्यांवरच राहिलं, आणि अजूनही ओपीडीत चालून दाखवा म्हणतात पण विचारांचा वेग कोणी मोजत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चालणं ठीक म्हणजे डोकं ठीक असं या आजारात धरता येत नाही, दोन्ही आपापल्या वाटेने जातात. एमआरआयमध्ये नवीन डाग नाही म्हणून पण सुटका नाही, मेंदूचा करडा भाग, खास करून थॅलॅमस म्हणून मधोमध एक भाग असतो तो, हळूहळू आकसतो आणि ते साध्या रिपोर्टात बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

आता टेस्ट. डॉक्टरांकडे एसडीएमटी मागा, पूर्ण नाव सिम्बल डिजिट मोडॅलिटीज टेस्ट. एक कागद असतो, वर नऊ खुणा आणि प्रत्येकीखाली १ ते ९ पैकी एक आकडा. खाली नुसत्या खुणांच्या ओळी. तुम्ही वर बघायचं, कुठल्या खुणेला कुठला आकडा ते तोंडाने सांगत सुटायचं, समोरचा लिहून घेतो, ९० सेकंदांत बरोबर किती आले तो तुमचा स्कोअर. समजावून सांगणं आणि सराव धरून पाच मिनिटांत आटपतं. तोंडी घेतात म्हणून हात थरथरत असला तरी बिघडत नाही. आपल्याकडे अजून एक सोय म्हणजे यात शब्द नाहीत, तुम्ही शाळा मराठीत केलेली असो आणि घरी कोंकणी बोलत असा, आकडे ज्या भाषेत पटकन तोंडात येतात त्या भाषेत सांगू द्या असं आधीच सांगून ठेवायचं.

थोडं सविस्तर हवं तर बायकॅम्स म्हणून तीन टेस्टचा संच आहे, २०१२ साली आला, १५ मिनिटं लागतात. त्यात एसडीएमटी असतेच, शिवाय १६ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील तेवढे सांगायचे, आणि सहा आकृत्यांचं पान १० सेकंद दाखवून आठवणीने काढायला लावतात, असं तीनदा. शब्दांची यादी मात्र तुमच्या भाषेतली हवी, इंग्रजी यादी ऐकवून मार्क कमी आले तर ते मेंदूचे की इंग्रजीचे हे कसं कळणार? आणि तुलना तुमच्या वयाच्या, तुमच्याएवढ्या शिकलेल्या माणसांशी व्हायला हवी. त्यात काही सापडलं, किंवा सापडलं नाही पण नोकरीत अडचण चालूच आहे, तर मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून तास-दीड तासाची पूर्ण तपासणी. बांबोळीला गोमेकॉचा (गोवा मेडिकल कॉलेजचा) न्यूरोलॉजी विभाग आहे आणि तिथेच आयपीएचबी, म्हणजे मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ पण आहे, तेव्हा न्यूरोलॉजिस्टकडून चिठ्ठी घेऊन विचारपूस तिथूनच सुरू करा.

जाताना चष्मा विसरू नका, तुमचा तर डोळा आधीच दुखावलेला आहे, खूण नीट दिसली नाही तर वेग कमीच येणार. रीलॅप्स (आजाराचा नवा झटका) चालू असताना किंवा स्टिरॉइड घेतल्या घेतल्या टेस्ट नको, निदान महिनाभर जाऊ द्या. मे महिन्यात भर दुपारी कदंबा बसने घामाघूम होत जाऊन बसू नका, अंग तापलं की एमएसवाल्यांची लक्षणं तात्पुरती वाढतात, सकाळची वेळ मागा. औषधांची यादी बरोबर न्या, कारण लघवीच्या घाईवर देतात त्यातली काही औषधं, स्नायूंच्या ताठरपणावरचं बॅक्लोफेन, झोपेच्या गोळ्या, ही पण डोकं मंद करतात, ती नुसती बदलून फरक पडलेले पेशंट असतात. थायरॉइड, बी १२ करून घ्या. झोप कशी आहे आणि मन कसं आहे तेही मोकळेपणाने सांगा. एमएसमध्ये डिप्रेशन खूप आढळतं, ते विचारांचा वेग खातं, आणि त्याला इलाज आहे. डिप्रेशन सापडलं म्हणजे बाकीचं खोटं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, दोन्ही एकत्र असू शकतात.

मिस्टरांना बरोबर न्या, हे मुद्दाम सांगतेय. एमएसएनक्यू नावाची १५ प्रश्नांची यादी आहे, एक पेशंटने भरायची, एक घरच्याने. पेशंटचं स्वतःचं उत्तर बऱ्याचदा टेस्टपेक्षा मनःस्थितीशी जास्त जुळतं, घरच्याचं टेस्टशी जास्त जुळतं. आणि तो कागद भरताना एकेका प्रश्नावर त्यांना थांबून आठवावं लागेल की ही गोष्ट घरात होते का, ते तुमच्या घरासाठी पण चांगलंच आहे.

आणि एकदा करून सोडू नका. स्कोअर आज नॉर्मल आला तरी तो तुमचा बेसलाइन, फाईलला लावून ठेवा, दर वर्षी पुन्हा. ५२ चे पुढच्या वर्षी ४७ झाले तर दोन्ही नॉर्मलमध्ये बसतील कदाचित, पण ४ किंवा जास्त गुणांची घसरण डॉक्टरांनी मनावर घ्यायला हवी. दर वेळी तोच कागद नको, खुणांचा दुसरा संच मागा, नाहीतर सरावाने मार्क वाढतात.

प्रश्न : पेडण्याहून लिहितोय. माझ्या धाकट्या भावाला एमएस आहे, वय २९, बोलता बोलता शब्द सापडत नाही. हे पुढे अल्झायमरकडे जातं का? मोबाइलवर ब्रेन गेम खेळायला लावले तर टेस्टची गरज पडेल का?

उत्तर : अल्झायमर हा वेगळा आजार, एमएस वाढून अल्झायमर होत नाही. एमएसमध्ये माणूस बहुधा नवीन गोष्ट डोक्यात घालायलाच जास्त वेळ घेतो, पुन्हा पुन्हा सांगितली, चित्रासारखी डोळ्यांपुढे आणायला लावली, तर बसते आणि राहते पण. गेम खेळून मुख्यतः गेमचे मार्क वाढतात, त्यावरून भाऊ बरा की वाईट ते ठरवू नका. मात्र अचानक, दोन-चार दिवसांत बोलणं-विचार मंदावले तर थांबू नका, ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन आहे का बघा आणि न्यूरोलॉजिस्टला फोन करा, कधी कधी रीलॅप्स नुसता विचार-स्मरणातच दिसतो, हातापायात काही दिसत नाही.

प्रश्न : (पुन्हा फोंड्याच्याच ताई, दुसऱ्या मेलमध्ये) टेस्टमध्ये खरंच काही निघालं आणि ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल का?

उत्तर : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव घालून उल्लेख आहे. त्याच कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. रिपोर्ट ऑफिसात दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण दाखवलात तर नुसता स्कोअर देऊ नका, सायकॉलॉजिस्टकडून काय बदल हवेत ते लिहून घ्या : काउंटरऐवजी आतलं टेबल, तोंडी ऐवजी लेखी सूचना, एका वेळी एक फाईल, दुपारी थोडी विश्रांती.