साइटचं रूप बदललं तरी क्लब चालू राहतो

ताई, बुद्धिबळाच्या साइटचं रूप बदललं, आता क्लबच्या ऑनलाइन स्पर्धा कशा चालवायच्या असं तुम्ही विचारलंत. घाबरू नका. साइटचा चेहरामोहरा बदलला की पहिले दोन-चार दिवस सगळ्याच ॲडमिनची धावपळ होते. बटणं हलतात, मूळ व्यवस्था बहुधा तीच असते. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर स्विस स्पर्धा (कुणी बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या जोड्या लागतात) टीमच्या, म्हणजे साइटवरच्या आपल्या क्लबच्या गटाच्या, आतूनच तयार करावी लागते, एवढं पक्कं ठाऊक असलं की मेनू कुठेही गेला तरी शोधता येतो.

सुरुवातीला एवढंच करा:

- सभासदांची यादी वहीत किंवा शीटवर स्वतःकडे ठेवा. खरं नाव, युजरनेम, पालकांचा नंबर.
- दुसऱ्या कुणाला तरी ॲडमिनचे अधिकार द्या.
- नवी रचना आली की आधी दोघा-तिघांची चाचणी स्पर्धा लावा.

तिसरं मी केलं नव्हतं. विश्रामबागच्या मुलांची रविवारची स्पर्धा होती, १०+५ ची, म्हणजे प्रत्येकाला दहा मिनिटं आणि दर चालीला पाच सेकंद वाढीव. नव्या फॉर्ममध्ये वाढीव सेकंदांचा रकाना खाली गेला होता, तो शून्यावरच राहिला. नऊ वर्षांची एक पोरगी वजीर जास्त असताना वेळेवर हरली. तिचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. बुद्धिबळासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत पोरांचा डाव असा जाऊ नये.

आणखी एक चूक सगळे करतात: पालकांना ‘वर उजवीकडे दाबा’ सांगतात. मोबाइलवर ते बटण तिथे नसतंच. स्वतः मोबाइलवर उघडून स्क्रीनशॉट काढा, बटणाभोवती लाल गोल करा आणि आदल्या रात्रीच ग्रुपवर टाका.

जोड्या, टायब्रेक (गुण सारखे झाले तर क्रम ठरवायची रीत) वगैरे नंतर बघू. या रविवारी फक्त चाचणी लावा, अडलं तर विचारा.