दिवसा झोपते म्हणून आळशी?

डोंबिवलीहून एका परिचारिकेचं पत्र आलंय. महिन्यातले दोन आठवडे त्यांना नाईट असते, रात्री आठ ते सकाळी आठ. साडेनऊला घरी पोचतात, स्वयंपाक उरकून अकराला आडव्या होतात आणि एकच्या सुमारास जाग येते. कधी कुकरची शिट्टी, कधी कुरिअरवाला, कधी शाळेतून आलेला मुलगा. सासूबाई म्हणतात, ‘दिवसाढवळ्या किती झोपायचं?’ त्यांनी विचारलंय, ‘मी आळशी झालेय का? झोपेची गोळी सुरू करू का?’

ताई, रात्रभर वॉर्ड सांभाळून जेमतेम दोन तास झोपणाऱ्या बाईला आळशी म्हणणं हा अन्याय आहे, आणि तो तुम्हीसुद्धा स्वतःवर करू नका.

दिवसाची झोप मुळातच तुटक असते. मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की झोपेला मदत करणारं मेलाटोनिन थांबतं, शरीराचं तापमान चढायला लागतं. घर शांत असलं तरी झोप कमीच भरते. त्यात घर जागं असेल तर काय उरणार?

म्हणून आधी तो साडेनऊचा स्वयंपाक बंद करा. तुमची झोपेची सगळ्यात चांगली वेळ ओट्यापाशी जातेय. तुमची नाईट असेल तेव्हा सकाळचं जेवण नवऱ्याने करायचं. येत नसेल तर शिकेल. तुम्ही घरी आल्यावर थोडं खा आणि दहाला झोपा.

सासूबाईंशी बोलणं टाळू नका, पण ते ड्युटीवरून आल्याआल्या नको. सुट्टीच्या दिवशी, तेही नवऱ्याने बोलायचं, आई त्याची आहे. सांगायचं ते असं, की दहा ते साडेतीन ही हिची रात्र आहे. रात्री दोनला आपण आईंना उठवून ‘डाळ कुठे ठेवलीय’ असं विचारत नाही, तसंच हिलाही विचारायचं नाही. मुलाला जेवायला आजी वाढेल. बेल बंद, फोन सायलेंट, कुकर दहाच्या आत. मुलालाही नीट समजावा. साडेतीननंतर आई पूर्ण त्याची, हे कळलं की मुलं थांबतात.

खिडकीला जाड काळं कापड लावा, पडद्याच्या फटीतून येणारा उजेडही पुरेसा त्रास देतो. पंख्याचा आवाज असू द्या, त्यात बाहेरचे आवाज बुडतात. परतीच्या लोकलमध्ये गॉगल घाला, कोण काय म्हणेल याचा विचार नको. वॉर्डातला शेवटचा चहा तीनच्या आधी, कारण चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं. झोप कमी पडली तर संध्याकाळी निघण्याआधी अर्धा तास पडा.

गोळ्यांची नावं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, म्हणूनच सांगते, स्वतःच्या मनाने सुरू करू नका. हे सगळं करून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा, आणि रात्रपाळी करता हे आधी सांगा.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, की स्टेशनपासून घरी स्कूटीने येता आणि एकदा सिग्नलला डोळा लागला होता. तो सहज सोडून द्यायचा प्रसंग नाही. नाईट असेल तेव्हा स्कूटी घरीच ठेवा आणि रिक्षाने या, उद्यापासूनच.