'ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन'ला मराठीत काय म्हणावं?

बेळगावात आयटीआयच्या मुलांना ड्रॉईंग शिकवणाऱ्या एका सरांचा प्रश्न आहे. खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांतून आलेल्या मुलांसमोर पहिल्याच आठवड्यात 'ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन' येतं, म्हणजे वस्तू समोरून, वरून, बाजूने कशी दिसते ते सपाट कागदावर मापात रेखाटण्याची पद्धत. मुलं फोनवर 'ऑर्थोग्राफी' शोधतात आणि उत्तर मिळतं 'शुद्धलेखन'. मग त्यांना मराठीत सांगायचं कसं?

सर, ग्रीक 'ऑर्थोस' म्हणजे सरळ, ताठ, बिनचूक. 'ग्राफिक'च्या मुळाशी लिहिणं आणि रेखाटणं दोन्ही आहे. व्याकरणाने त्यातून 'बिनचूक लिहिणं' उचललं, ड्रॉईंगने 'काटकोनात रेखाटणं'. म्हणून मी 'लंब प्रक्षेप' सुचवेन.

'लंब' हा शब्द मुलांना भूमितीतून ठाऊक असतो. गवंड्याच्या ओळंब्यातही तोच बसलेला आहे. आपल्याकडे त्याचा आणखी एक फायदा आहे. कन्नड शाळेतून आलेला मुलगा काटकोनाला 'लंबकोन'च म्हणतो, तेव्हा एका बाकावरच्या दोघांनाही हा शब्द परका वाटणार नाही. आणि विषयाचा गाभाही त्यातच आहे: वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून निघालेली रेषा कागदाच्या प्रतलावर लंबच पडते. सगळ्या रेषा एकमेकींना समांतर, म्हणून वस्तू जवळ असो की दूर, माप बदलत नाही. फोटोत रेल्वेचे रूळ पुढे जाऊन मिळताना दिसतात. इथे ते कधीच मिळत नाहीत.

'प्रक्षेपण' मात्र टाळा. ते ऐकलं की मुलांना क्रिकेटचं थेट प्रक्षेपण किंवा रॉकेट आठवतं. 'प्रक्षेप' त्याच 'क्षिप्' म्हणजे फेकणे या धातूतला. पोथीत मागाहून घुसलेल्या ओव्यांना आपण प्रक्षिप्त म्हणतो, तोही याचाच भाऊ. इथे वस्तूचा आकार प्रतलावर टाकलेला असतो.

पण व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी एक ठोकळा हातात द्या: ६० मिमी लांब, ३० रुंद, ४० उंच. समोरून ६० बाय ४०, वरून ६० बाय ३०, बाजूने ३० बाय ४०. प्रत्येक दृश्यात एक माप गायब होतं, हे मुलांना स्वतःलाच सापडू द्या. एक चित्र का पुरत नाही, ते मग सांगावं लागत नाही. नंतर ४५ अंशांचा उतार असलेला ठोकळा द्या. उताराची खरी लांबी ४० असली तरी वरून ती २८ च्या आसपास भरते. इथे वर्ग थोडा थांबू द्या.

प्लॅन, एलेव्हेशन, साईड व्ह्यू हे शब्द बदलू नका. उद्यमबागेतल्या कारखान्यात उद्या हेच कानावर पडणार. समजावताना 'वरून', 'समोरून', 'बाजूने' पुरे.

खरी गफलत 'फर्स्ट अँगल' या, ही दृश्यं कागदावर मांडण्याच्या पद्धतीच्या नावात होते. 'पहिला कोन' म्हटलं की मुलं कोनमापक काढतात! उभं आणि आडवं प्रतल एकमेकांना छेदतात तेव्हा जागेचे चार भाग होतात, त्यांतला हा पहिला. आलेखाच्या धड्यात अशा भागांना 'चरण' म्हणतातच. म्हणून 'पहिल्या चरणातला प्रक्षेप' म्हणा. यात पाहणारा आणि प्रतल यांच्या मध्ये वस्तू असते. त्यामुळे प्लॅन एलेव्हेशनच्या खाली येतो आणि डावीकडून पाहिलेलं दृश्य उजवीकडे. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ या ड्रॉईंगविषयीच्या पुस्तिकेत शाळा-कॉलेजांसाठी हीच पद्धत आहे. अमेरिकन ड्रॉईंग मात्र तिसऱ्या चरणातलं, तिथे प्लॅन वर असतो. लेथवर काम करणाऱ्या टर्नरने कुठलं चरण ते ओळखायचं ड्रॉईंगच्या शीर्षक-चौकटीतल्या छिन्नशंकूच्या, म्हणजे टोक कापलेल्या शंकूच्या खुणेवरून: निमुळतं टोक डावीकडे असलेला शंकू आधी आणि त्याच्या उजवीकडे दोन वर्तुळं, तर पहिलं चरण, वर्तुळं शंकूच्या डावीकडे, तर तिसरं. ही खूण न बघता जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर लावला, तर डाव्या बाजूचं भोक उजवीकडे पाडलं जातं.