आधी एक ट्रान्झिस्टर वाजू दे

ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या पाटीवर, गिटारचं इफेक्ट पेडल बनवायचं असेल तर पहिल्याच दिवशी डिलेच्या (प्रतिध्वनी काढणाऱ्या सर्किटच्या) मागे लागू नकोस. एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर (आवाज वाढवणारं सर्किट) लाव, तो वाजला की मग फझ (आवाज खरखरीत करणारं). काही ब्रेडबोर्डांवर कडेची वीज पोचवणारी लाल-निळी पट्टी मधोमध तुटलेली असते. मल्टिमीटर लावून आधी बघून घे. मी त्यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे, आणि शिव्या खाल्ल्या बिचाऱ्या ट्रान्झिस्टरने.

ट्रान्झिस्टरच्या पायांचा क्रम डेटाशीटवरूनच, म्हणजे त्याच्या माहितीपत्रकावरूनच घे. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी५४७चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर; २एन३९०४चे बरोबर उलटे. ९ व्होल्टच्या बूस्टरमध्ये कलेक्टरवर साडेचारच्या आसपास व्होल्ट दिसले की बायस (ट्रान्झिस्टरला दिलेलं स्थिर व्होल्टेज) ठीक आहे समज.

आवाजच नाही आला तर सगळं उपटून काढू नकोस. ॲम्पकडे जाणाऱ्या वायरच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, ॲम्पचं ग्राउंड (शून्य व्होल्टची वायर) सर्किटच्या ग्राउंडला जोड, ॲम्प अगदी हळू ठेव. गिटारची तार छेडत कपॅसिटरचा मोकळा पाय इनपुटपासून एकेक ठिकाणी टेकवत जा. सूर जिथे गायब होईल, तिथे आणि त्याच्या आधीच्या ठिकाणी चूक शोध.

वायरी आखूड ठेव. थोडी घरघर राहणारच. सर्किट धातूच्या डबीत गेल्यावर ती बरीच कमी होते.