मॅथ्सला घाबरून बीकॉम घेतलं आणि पहिल्याच वर्षी मॅथ्स

अरे टेन्शन नको घेऊस, माझंही हेच झालं होतं, दहावीनंतर गणित सुटलं म्हणून पेढे वाटलेले आणि एफवायला परत समोर उभं. पण हे शाळेतलं गणित नाही रे, साइन-कॉस वगैरे काही नाही. सुरुवातीला एवढंच सांभाळ:

१) व्याज. इथे सगळे गंडतात. ५०,००० रुपये, १२ टक्के, दर महिन्याला चक्रवाढ, २ वर्षं. म्हणजे महिन्याचा दर ०.०१ (०.१२ भागिले १२) आणि महिने २४, म्हणून ५०,००० गुणिले (१ + ०.०१) चा २४ वा घात. उत्तर साधारण ६३,४८७. घाईत ०.०१ च्या जागी ०.१२ ठेवून घात २४ केलास तर साडेसात लाखांच्या वर जातं, एवढं देणारी बँक सापडली तर मलाही सांग! उत्तर आलं की एकदा बघायचं, हे पटतंय का.

२) क्रम लागतो की नाही. १० जणांतून चेअरमन आणि सेक्रेटरी निवडायचे तर ९० प्रकार, नुसती दोघांची कमिटी असेल तर ४५. फॉर्म्युला आठवण्याआधी हा प्रश्न विचार.

३) एलपीपीमध्ये (लिनियर प्रोग्रामिंग, म्हणजे दिलेल्या अटींत जास्तीत जास्त नफा किंवा कमीत कमी खर्च काढायचा) ‘किमान’ (≥) आणि ‘जास्तीत जास्त’ (≤) ची चिन्हं उलटी पडतात आणि मग पूर्ण ग्राफ फुकट. आधी एक्स म्हणजे काय, वाय म्हणजे काय ते शब्दांत लिही.

आणि सोडवलेली गणितं ट्रेनमध्ये नुसती वाचून काढू नकोस, विरार ते चर्चगेट वाचताना सगळं समजतं आणि पेपरात पेन चालत नाही. रोज दोन, वही बंद करून. सिम्प्लेक्स (एलपीपी ग्राफशिवाय सोडवायची पद्धत), मॅट्रिक्स ते नंतर बघू.