शिंकताना लघवी निसटते

प्रश्न : वय ४६, दोन नॉर्मल बाळंतपणं. खोकला-शिंक आली, भरलेली कळशी उचलली की लघवी निसटते. लग्नाकार्याला जाणंच सोडलंय. पाणी कमी पिऊ का?

उत्तर : ताई, पाणी तोडू नका, दाट लघवीने मूत्राशय उलट चिडतं. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावतात, म्हणून जोर पडला की लघवी सुटते. वायू अडवताना आवळता, तेच स्नायू आत-वर ओढा. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. जमेल तितके सेकंद धरा, सोडा. आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. माझ्याकडच्या कितीतरी जणी महिन्याभरातच सोडून देतात, फार वाईट वाटतं. शिंक येतेय वाटताच आधी आवळा. लघवी आणि साखर तपासून घ्या. लघवीत रक्त दिसलं तर लगेच दाखवा. ‘वयच झालं’ म्हणणाऱ्यांचं मात्र ऐकू नका.