स्टील की रॉब? आधी कर्म बघा

चोरीचे इंग्रजी शब्द नुसते पाठ करू नका, त्यांच्यापुढे काय येतं ते बघा. 'स्टील'पुढे चोरलेली वस्तू येते. 'रॉब'पुढे ज्याला लुटलं तो माणूस किंवा बँक. म्हणून 'माय फोन वॉज रॉब्ड' चुकतं, तिथे 'स्टोलन' हवं. उलट 'आय वॉज स्टोलन' म्हणालात तर तुम्हालाच कुणीतरी पळवल्यासारखं वाटतं.

'रॉबरी'त मारहाण किंवा धाकदपटशा हवाच. कुलूपबंद घरात शिरून कपाट साफ केलं तर ती 'बर्ग्लरी'. विश्वासाने सोपवलेले पैसे हडपले की 'एम्बेझल'. पाच किंवा जास्त जणांनी मिळून लुटलं की आपल्या कायद्यात 'डकॉइटी', पण हा शब्द लंडनमध्ये वापरलात तर समोरचा गोंधळेल.

खरी गंमत 'निक'ची. ब्रिटिश बोलीत 'ही निक्ड माय बाइक' म्हणजे त्याने माझी सायकल ढापली, पण 'ही गॉट निक्ड' म्हणजे पोलिसांनी त्याला उचललं. 'द निक' म्हणजे तुरुंग किंवा पोलीस ठाणं. आणि क्रिकेटमधली निक तर तुम्हाला ठाऊकच आहे. तक्रारअर्जात मात्र हा शब्द नको.

दुकानदार 'इट्स अ स्टील' म्हणाला तर दचकू नका. माल चोरीचा नाही, फक्त फार स्वस्त आहे असं त्याचं म्हणणं. खरंच स्वस्त आहे का, ते तुम्ही बघा.